फवारलं तरी अळी जिवंत? चार दिवस थांबा, कात बघा

मिरचीवर नोव्हाल्युरॉन हे अळीचं औषध मारलं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी शेतात गेलं की माणूस हमखास वैतागतो. अळ्या पानांवर जशाच्या तशा! "औषध बोगस निघालं" म्हणत मीही एकदा पंप पुन्हा पाठीवर घेतला होता. पैसे वाया गेले. हे औषध नसांवर काम करत नाही, त्यामुळे अळी तडफडून खाली पडत नाही. ती मरते कात टाकताना. खात्री करायची तर बरणीत बघा.

फवारा वाळला की हातमोजे घालून स्पोडोप्टेराच्या, म्हणजे पानं खाणाऱ्या अळीच्या, दहा-बारा बारीक अळ्या पानांसकट उचला. न फवारलेल्या कोपऱ्यातून तेवढ्याच घ्या. दोन बरण्या, तोंडाला मलमलचं फडकं. रोज ताजी पानं, पण ज्या बरणीतल्या अळ्या जिथल्या, तिथलीच. हाच प्रयोग घाटेअळीवर करायचा असेल तर प्रत्येक अळीला वेगळी डबी द्या, नाहीतर त्या एकमेकींनाच खातात.

पहिल्या दिवशी दोन्ही बरण्या सारख्याच दिसतील. कात टाकायची वेळ आली की फरक कळतो. अळीची कातडी अंगाबरोबर फारशी ताणत नाही, म्हणून कोषात जाईपर्यंत ती सहसा पाच वेळा कात टाकते. नवी कातडी घट्ट होते ती कायटीन नावाच्या पदार्थामुळे, आणि औषध नेमकं तेच तयार होऊ देत नाही. भिंगातून बघा: जुन्या डोक्याचं टरफल तोंडावर अडकलेलं, बैलाला मुसकं बांधावं तसं. अळीला खाता येत नाही. कुठे पाठीवरची कातडी फाटून पाणी झिरपतं, अंग काळं पडून आक्रसतं. शेजारच्या बरणीतल्या अळ्या मात्र जुनी कात मागे टाकून पानं फस्त करत असतात.

आता शेतातलं गणित. औषध मुख्यतः पोटात जावं लागतं, म्हणून पानांच्या खालच्या बाजूलाही फवारा पोचवा. कामगंध सापळ्यात (मादीच्या वासाने नर पतंग ओढणाऱ्या) पतंग वाढले, पानांवर तपकिरी केसांनी झाकलेले अंडीपुंज किंवा जाळी पडलेली पानं दिसली, की हीच फवारायची वेळ. बोटाएवढ्या अळ्या झाल्यावर याच्या नादी लागू नका. मरेपर्यंत त्या झाड ओरबाडतात.

मेथॉक्सीफेनोझाइड या अळीच्या दुसऱ्या औषधाची गोष्ट वेगळी. ते कात टाकायचा खोटा हुकूम देतं. अळी वेळेआधीच त्या तयारीला लागते आणि खाणं लवकर सोडते.

मात्रा आणि पीक लेबलवर बघूनच ठरवा. एकाच गटाचं, म्हणजे एकाच पद्धतीने मारणारं, औषध लागोपाठ मारू नका, मग नाव कितीही वेगळं असो. शेजारी रेशमासाठी तुती असेल तर कायटीन रोखणारं औषध तिकडे उडू देऊ नका, रेशीमकिडाही अळीच आहे. आणि पंप ओढ्यात धुऊ नका. खेकड्याचं कवचही कायटीनचंच असतं.