फॉरमॅट मारण्याआधी विंडोजची नोंदवही वाचा

संगणक मधेच बंद पडू लागला किंवा कासवाच्या चालीने चालू लागला, की आमच्या किनारपट्टीवर हमखास एकच सल्ला मिळतो: फॉरमॅट मारून घ्या, म्हणजे डिस्क पुसून विंडोज नव्याने टाका. या सल्ल्याने कधी कधी काम भागतेही. पण बिघाड विजेच्या दाबात, खाऱ्या दमट हवेत किंवा थकलेल्या हार्ड डिस्कमध्ये असेल, तर फॉरमॅट करून तो जात नाही, आणि आंब्याच्या हंगामाचे हिशेब मात्र जातात. विंडोज आपल्या पडझडीची नोंद तारीख-वेळेसह स्वतःच ठेवत असते, त्यामुळे पहिला अर्धा तास ती नोंद वाचण्यात घालवावा.

सुरुवात सोप्या जागेपासून करावी. स्टार्टच्या शोधपेटीत इंग्रजीत 'रिलायबिलिटी' टाइप केले की 'व्ह्यू रिलायबिलिटी हिस्टरी' हा पर्याय येतो. उघडणाऱ्या तक्त्यात दिवसांचे रकाने असतात, वर १ ते १० या मापात स्थिरतेची रेघ असते, आणि ज्या दिवशी काही कोसळले त्या रकान्यात लाल गोलातली फुली दिसते. फुल्या मोजत बसण्यापेक्षा पहिली फुली कोणत्या दिवशी पडली, हे पाहावे. तिच्या आदल्या एक-दोन दिवसांत प्रिंटरचा ड्रायव्हर, विंडोजचे अपडेट किंवा एखादा नवा प्रोग्राम बसवला गेला असेल, तर त्याची नोंद त्याच तक्त्याच्या खालच्या ओळीत सापडते. तसे आढळल्यास आधी तेवढीच गोष्ट काढून चार दिवस वाट पाहावी.

तक्त्यातून काही हाती लागले नाही, तर स्टार्टच्या शोधपेटीतूनच 'इव्हेंट व्ह्यूअर' हा विंडोजच्या सगळ्या नोंदी क्रमांकांसह दाखवणारा प्रोग्राम उघडावा. डावीकडे 'विंडोज लॉग्ज' आणि त्याखाली 'सिस्टिम' निवडून उजवीकडच्या 'फिल्टर करंट लॉग'मध्ये क्रमांकांच्या चौकटीत ७, ४१, ५५, १५३, १००१, ६००८ हे आकडे स्वल्पविराम देऊन, अर्थात इंग्रजी अंकांत, भरावेत. फिल्टर न लावता यादी पाहिली तर धसकाच बसतो, कारण ठणठणीत संगणकावरही तिथे लाल-पिवळ्या खुणांची रांग असते. १००१६ क्रमांकाची नोंद तर जवळपास प्रत्येक यंत्रावर दिसते आणि तिच्याकडे दुर्लक्ष करणेच योग्य. फोनवरून 'आपल्या संगणकात व्हायरस आहे' असे सांगणारे भामटे हीच यादी उघडायला लावून लोकांना घाबरवतात, म्हणून हे मुद्दाम लिहिले.

यांतली सर्वांत बोलकी नोंद ४१ क्रमांकाची, म्हणजे 'कर्नल-पॉवर'ची. संगणक रीतसर बंद न होता पुन्हा सुरू झाला, एवढेच ती वरवर सांगते. पण 'डिटेल्स' या टॅबवर गेल्यास 'बगचेक कोड' (विंडोज कोसळण्याच्या कारणाचा आकडा) आणि 'पॉवर बटन टाइमस्टॅम्प' अशा दोन ओळी दिसतात, आणि निदानाची वाट तिथेच फुटते. दुसऱ्या ओळीत शून्याव्यतिरिक्त आकडा असेल, तर बटण दाबून धरून कोणीतरी संगणक बंद केलेला असतो. अशा वेळी घरात किंवा दुकानात चौकशी करावी, कारण संगणक गोठल्यामुळेच बहुधा तसे केलेले असते. दोन्ही ओळींत शून्य असेल, तर वीज तुटली किंवा यंत्र असे गोठले की विंडोजला काही लिहायलाही सवड मिळाली नाही. बगचेक कोड शून्य नसेल, तर विंडोज कोसळताना दिसणारा निळा पडदा येऊन गेला आहे, मग तो कोणी पाहिलेला असो वा नसो; १००१ ची नोंदही त्याचीच.

मालवणजवळच्या एका निवास-न्याहारीच्या घरातला डेस्कटॉप मी पाहिला होता. 'रोज संध्याकाळी व्हायरस येतो' अशी मालकांची तक्रार होती, आणि दोनदा फॉरमॅट करून झाले होते. ४१ च्या सगळ्या नोंदींत दोन्ही शून्ये होती. इथे एक बारकावा ध्यानात ठेवावा: ४१ ची वेळ संगणक पुन्हा सुरू झाल्यानंतरची असते, तर तो बंद पडला त्या सुमाराची वेळ ६००८ च्या मजकुरात लिहिलेली असते. त्या वेळा कागदावर एकाखाली एक उतरवल्या, तर सगळ्या साडेसहा ते सातच्या मधल्या निघाल्या, आणि त्याच वेळी पाहुणे समुद्रावरून परतण्याआधी टाकी भरायला विहिरीवरचा पंप लावला जात असे. पंप सुरू होताना दाब क्षणभर खाली जाई, आणि यूपीएसची बॅटरी संपलेली असल्याने तो क्षणही तिला पेलवत नसे. नवी बॅटरी घातल्यावर त्या घरातला 'व्हायरस' गेला.

कोड शून्य नसेल तर तो आकडा लिहून घ्यावा. ४१ च्या नोंदीत तो दशमान पद्धतीने येतो: २६ म्हणजे 'मेमरी मॅनेजमेंट', १२२ म्हणजे डिस्कवरून हवी ती माहिती वाचता न येणे, आणि २९२ म्हणजे हार्डवेअरनेच कळवलेली चूक. २६ दिसल्यास, विशेषतः पावसाळ्यानंतर, मी आधी रॅम, म्हणजे मेमरीची पट्टी, काढून पाहतो. वायर सॉकेटमधून काढावी, पॉवरचे बटण काही सेकंद दाबून उरलेली वीज जाऊ द्यावी, पेटीच्या धातूला हात लावावा आणि मगच रॅमची पट्टी बाहेर काढावी. तिच्या खालच्या कडेचे सोनेरी दात काळपटलेले असतील, तर पांढऱ्या खोडरबराने हलक्या हाताने घासून चुरा पूर्ण झटकावा आणि पट्टी दोन्ही खटके लागेपर्यंत बसवावी. त्यानंतर 'विंडोज मेमरी डायग्नोस्टिक' चालवावे. त्यातही चूक निघाली तर पट्टी बदलण्यावाचून गत्यंतर नाही.

७ क्रमांकाची नोंद म्हणजे डिस्कवर खराब जागा सापडली आहे. ती दिसताच दुरुस्तीच्या मागे न लागता आधी हिशेबांची फाइल, फोटो आणि कागदपत्रे दुसऱ्या डिस्कवर उतरवावीत. 'चेक डिस्क' या विंडोजच्या डिस्क तपासून दुरुस्त करणाऱ्या साधनाची पूर्ण तपासणी मरणपंथाला लागलेल्या डिस्कला तासन्‌तास राबवते, आणि त्या श्रमातच ती दगावू शकते. १५३ म्हणजे एखादे वाचन-लेखन पुन्हा करावे लागले. ही नोंद सतत येत असेल, तर डिस्कला दोष देण्याआधी तिची केबल बदलून पाहावी, कारण खाऱ्या हवेत जोडण्या गंजतात आणि केबल डिस्कपेक्षा पुष्कळ स्वस्त असते. ५५ ही फाइल-रचना बिघडल्याची खूण आहे, आणि वारंवार वीज जाणाऱ्या ठिकाणी ती आढळल्यास नवल नाही. प्रत काढून झाल्यावर 'चेक डिस्क' इथे मात्र उपयोगी पडते.

संगणक कोसळत नाही पण रेंगाळतो, अशा वेळी आणखी दोन आकडे शोधावेत. २००४ क्रमांकाच्या नोंदीत मेमरी अपुरी पडल्याचे आणि ती सर्वाधिक खाणाऱ्या प्रोग्रामांची नावे दिलेली असतात. तिथे ब्राउझरचेच नाव पुन्हा पुन्हा आले, तर रॅम वाढवावी किंवा एका वेळी कमी पाने उघडावीत. ३७ क्रमांकाची 'कर्नल-प्रोसेसर-पॉवर'ची नोंद प्रोसेसरचा वेग आवरता घेतला गेल्याचे सांगते. उष्णता हे त्याचे एक कारण असू शकते, आणि जांभ्याच्या तांबड्या धुळीने पंख्याची जाळी बुजलेली असेल तर आधी ती साफ करावी. सुरू व्हायलाच वेळ लागत असेल, तर 'ॲप्लिकेशन्स अँड सर्व्हिसेस लॉग्ज'मधल्या 'डायग्नोस्टिक्स-परफॉर्मन्स' विभागात १०० क्रमांकाच्या नोंदीत लागलेला वेळ मिलिसेकंदांत असतो, आणि १०१ मध्ये उशीर लावणाऱ्या प्रोग्रामचे नाव.

एवढे करूनही उलगडा झाला नाही, तर यंत्र जाणकाराकडे न्यावे, पण रिकाम्या हाताने नेऊ नये. 'सेव्ह फिल्टर्ड लॉग फाइल ॲज' हा पर्याय वापरून निवडलेल्या नोंदी पेनड्राइव्हवर घ्याव्यात आणि विंडोजच्या फोल्डरमध्ये 'मिनीडम्प' फोल्डर (निळ्या पडद्याच्या वेळी जपलेल्या छोट्या फाइलींचा) असल्यास त्याचीही प्रत घ्यावी. हे काम लांबवू नये, कारण सिस्टिम लॉगची मर्यादा मूळ मांडणीत २० एमबी असते, आणि ती भरली की जुन्या नोंदींवर नव्या चढत जातात.