परदेशात अन्यायाने अटकेत पडलेल्या माणसाची सुटका: गोव्यातल्या कुटुंबाने काय करावे

गोव्यातल्या बहुतेक गावांत कोणी ना कोणी आखातात नोकरीला असतो किंवा तारवटी म्हणून जहाजावर असतो, त्यामुळे 'त्याला पोलिसांनी नेले' असा फोन कोणाच्याही घरी येऊ शकतो. तो आला की घरातली माणसे आमदाराकडे, ओळखीच्या वकिलाकडे, मुंबईतल्या एजंटाकडे धावतात; प्रत्येकजण वेगळी हकिगत सांगतो आणि सर्वांत महत्त्वाचे पहिले दिवस हातून निघून जातात. परदेशातल्या तुरुंगाचे दार गोव्यात बसून उघडता येत नाही, हे खरे आहे. परंतु तो माणूस निर्दोष असल्याचे दाखवणारा पुरावा पुष्कळदा इथेच, त्याच्या घरी, त्याच्या फोनवर किंवा इथल्या पोलिसांच्या दप्तरी असतो, आणि तो अधिकृत मार्गाने तिकडच्या न्यायालयापर्यंत पोचवण्यासाठी कुटुंबानेच हातपाय हलवावे लागतात.

सर्वांत आधी तो कोणत्या पासपोर्टवर गेला होता हे नक्की करावे. इतर राज्यांत हा प्रश्न सहसा उद्भवत नाही, पण गोव्यात तो टाळता येत नाही. १९ डिसेंबर १९६१ पूर्वी गोव्यात जन्मलेल्यांना आणि त्यांच्या पुढच्या पिढ्यांना पोर्तुगालमध्ये जन्मनोंदणी करून तिथले नागरिकत्व घेता येते, आणि सासष्टी-बार्देशातल्या अनेक कुटुंबांनी ते घेतले आहे. भारतीय कायदा दुहेरी नागरिकत्व मानत नाही. १९५५ च्या नागरिकत्व कायद्याच्या कलम ९ प्रमाणे परकीय नागरिकत्व स्वेच्छेने स्वीकारणारा भारतीय नागरिक राहत नाही. म्हणून पोर्तुगीज पासपोर्टवर गेलेल्या माणसासाठी भारतीय वकिलातीचे दार ठोठावण्यात वेळ घालवू नये. पणजीत पोर्तुगालचे महावाणिज्य दूतावास कार्यालय आहे, तिथे जावे. ज्या देशात पोर्तुगालची वकिलातच नाही, तिथे युरोपीय संघातील दुसऱ्या एखाद्या देशाच्या वकिलातीकडे मदत मागण्याचा हक्क पोर्तुगीज नागरिकाला असतो. जन्मनोंदणी पोर्तुगालमध्ये झाली आहे पण प्रवास भारतीय पासपोर्टवर केला, अशी स्थिती असल्यास ती लपवू नये. वकिलाला पहिल्याच भेटीत सांगावी. पुढचे विवेचन भारतीय पासपोर्टधारकाविषयी आहे.

१९६३ च्या व्हिएन्ना वाणिज्य संबंध करारातील अनुच्छेद ३६ हा या सगळ्या प्रकरणाचा पाया आहे. अटक केलेल्या परदेशी माणसाला 'तुझ्या वकिलातीला कळवण्याचा तुला हक्क आहे' असे विनाविलंब सांगणे त्या देशावर बंधनकारक आहे, आणि वकिलातीच्या अधिकाऱ्यांना त्याला भेटण्याचा, त्याच्याशी पत्रव्यवहार करण्याचा व त्याच्यासाठी वकील उभा करण्याचा अधिकार आहे. कुलभूषण जाधव यांच्या प्रकरणात पाकिस्तानने हेच नाकारले म्हणून भारत हेग येथील आंतरराष्ट्रीय न्यायालयात गेला, आणि १७ जुलै २०१९ रोजी त्या न्यायालयाने पाकिस्तानने अनुच्छेद ३६ चा भंग केल्याचे सांगून शिक्षेचा परिणामकारक फेरविचार करण्याचा आदेश दिला. त्या निकालाने सुटकेचा आदेश मात्र दिला नाही, ही गोष्टही ध्यानात ठेवावी. या अनुच्छेदामुळे माणूस एकटा पडत नाही. तो निर्दोष आहे हे वेगळे सिद्ध करावे लागते.

इथे कुटुंबे एका गोष्टीत अडखळतात. अनुच्छेदाप्रमाणे वकिलातीला कळवले जाते ते कैद्याने तशी मागणी केली तर. शिवाय अनेक देशांतील खासगीपणाचे कायदे इतके कडक आहेत की कैद्याच्या संमतीवाचून तुरुंग प्रशासन त्याची माहिती आपल्या दूतावासालाही देत नाही. म्हणून त्याच्याशी पहिल्यांदा बोलणे होईल तेव्हा रडारड बाजूला ठेवून तीन गोष्टी सांगाव्यात: भारतीय दूतावासाच्या अधिकाऱ्याची भेट लेखी मागायची, दुभाष्याशिवाय आणि न कळणाऱ्या भाषेतल्या कोणत्याही कागदावर सही करायची नाही, आणि प्रकरणाची हकिगत तुरुंगातल्या फोनवर कोणालाही, आईलासुद्धा, सांगायची नाही, कारण ते बोलणे ऐकले जात असण्याची शक्यता गृहीत धरावी.

त्याच दिवशी परराष्ट्र मंत्रालयाच्या 'मदद' पोर्टलवर तक्रार नोंदवावी. २०१५ पासून चालू असलेल्या या पोर्टलवर तक्रारीला क्रमांक मिळतो, आणि ती संबंधित दूतावासाकडे जाते. पुढचा प्रत्येक ईमेल, प्रत्येक अर्ज, खासदाराला दिलेले प्रत्येक निवेदन त्याच क्रमांकाचा उल्लेख करून द्यावे, म्हणजे एकाच माणसाच्या पाच वेगवेगळ्या फायली तयार होत नाहीत. पणजीतील गोवा सरकारच्या अनिवासी भारतीय व्यवहार कार्यालयातही त्याच मजकुराची प्रत द्यावी व पोच घ्यावी. गोव्याचे लोकसभेत दोन आणि राज्यसभेत एक खासदार आहेत. राज्य लहान असल्याने त्यांच्यापर्यंत पोचणे इतरांपेक्षा सोपे जाते, आणि खासदाराने परराष्ट्रमंत्र्यांना लिहिलेल्या पत्राला सहसा लेखी उत्तर येते. ते उत्तर जपून ठेवावे, कारण सरकारला काय माहीत आहे आणि काय नाही हे त्यातून कळते.

निवेदन दोन पानांहून मोठे नसावे. पासपोर्टवर जसे आहे तसेच नाव, पासपोर्ट क्रमांक, व्हिसाचा प्रकार, नोकरी देणारी कंपनी, अटकेची तारीख व जागा, कोणत्या यंत्रणेने पकडले, आरोप कोणता, खटल्याचा क्रमांक, सध्या कोणत्या तुरुंगात आहे, आजार आणि चालू औषधे. जे माहीत नाही तिथे 'माहीत नाही' असेच लिहावे. ऐकीव गोष्ट निवेदनात घातली आणि ती पुढे चुकीची ठरली, तर खऱ्या गोष्टींवरचाही विश्वास जातो. कुटुंबातील एकाच व्यक्तीने सर्वांशी बोलावे, आणि शक्यतो जिला कागद वाचण्याची सवय आहे अशा व्यक्तीने. घरातला सर्वांत मोठा माणूस म्हणून ते काम त्याच्याकडे देऊ नये.

आता मुख्य कामाकडे येतो. अटक कोणत्या अर्थाने अन्यायाची आहे, हे आधी स्वतःशी स्पष्ट करावे लागते. माणूस निर्दोष असूनही त्याला गोवण्यात आले आहे, की मालकाशी पगारावरून झालेल्या वादात त्याच्यावर पळून गेल्याची किंवा चोरीची तक्रार टाकली आहे, की आरोप न ठेवताच महिनोन् महिने डांबून ठेवले आहे, की कंपनीच्या अपराधासाठी नोकराला धरले आहे, यावर पुढचा मार्ग ठरतो.

गोवण्यात आलेल्यांच्या बाबतीत एक उदाहरण प्रत्येक कुटुंबाने समजून घ्यावे. जुलै २०१९ मध्ये मुंबईचे एक दांपत्य कतारच्या विमानतळावर उतरले असता त्यांच्या सामानात ४ किलोहून अधिक चरस सापडला. ती पिशवी एका नातेवाईक स्त्रीने दिली होती. दोघांना १० वर्षांची शिक्षा झाली. कुटुंबाने नुसती दयेची याचना केली नाही. त्यांनी भारतात अमली पदार्थ नियंत्रण विभागाकडे, म्हणजे एनसीबीकडे, तक्रार केली, तिथे तपास होऊन खरे आरोपी पुढे आले, आणि ते कागद राजनैतिक मार्गाने कतारला पोचले. २०२१ च्या मार्च महिन्यात तिथल्या न्यायालयाने दोघांना निर्दोष ठरवले व एप्रिलमध्ये ते तान्ह्या मुलीसह परतले. २०२३ मध्ये शारजात ट्रॉफीत अमली पदार्थ लपवून एका अभिनेत्रीला गोवण्यात आले, तेव्हाही मुंबई पोलिसांनी इथे कटवाल्यांना पकडल्यावरच तिची तुरुंगातून सुटका झाली.

यावरून करायचे ते असे. पिशवी कोणी दिली, तिकीट कोणी काढले, नोकरी कोणी लावली, याविषयी गोव्यातील पोलीस ठाण्यात लेखी तक्रार द्यावी आणि गुन्हा नोंदवण्याचा आग्रह धरावा; प्रकरण अमली पदार्थांचे असेल तर एनसीबीच्या गोव्यातील कार्यालयातही द्यावी. व्हॉट्सॲपवरील संदेश, बँकेचे व्यवहार, एजंटाच्या पावत्या, कॉलचे तपशील यांतले काहीही पुसू नये. फोन बदलू नये. गुन्हा औषधाच्या गोळ्यांवरून नोंदवला गेला असेल, तर डॉक्टरांची चिठ्ठी, औषध दुकानाची पावती आणि डॉक्टरांचे प्रतिज्ञापत्र मिळवावे, कारण कोडीन किंवा ट्रॅमाडॉल असलेल्या गोळ्या आपल्याकडे चिठ्ठीवर मिळतात, पण आखातात त्यांवर कडक नियंत्रण आहे. तपास अधिकाऱ्याकडून मिळालेले कागद परराष्ट्र मंत्रालयामार्फतच पाठवण्याची विनंती करावी. नातेवाइकाने खिशातून काढून दिलेल्या झेरॉक्सला परदेशी न्यायालय फारसे मोजत नाही.

यासाठी साक्षांकनाची साखळी आधीच सुरू करावी लागते. नोटरी, मग राज्य सरकारचे साक्षांकन, मग परराष्ट्र मंत्रालय. ओमान, बहरीन, सौदी अरेबिया हे अपोस्टील, म्हणजे परराष्ट्र मंत्रालयाचा आंतरराष्ट्रीय मान्यतेचा एकच शिक्का, मानणारे देश आहेत. संयुक्त अरब अमिरात, कुवेत आणि कतारसाठी त्या देशाच्या भारतातील वकिलातीचा शिक्का लागतो. त्यानंतर अरबी भाषांतर. तिकडच्या वकिलाला द्यायचे मुखत्यारपत्रही याच वाटेने जाते, आणि अपिलाची मुदत काही देशांत १५ किंवा ३० दिवसांचीच असल्यामुळे निकाल लागण्याची वाट पाहत बसू नये.

वकील निवडताना दूतावासाकडील स्थानिक वकिलांची यादी मागावी. ज्या देशांत भारतीय मोठ्या संख्येने आहेत, तिथल्या दूतावासांत अशी यादी असते. ऐपत नसेल तर भारतीय समुदाय कल्याण निधीतून कायदेशीर मदत मागता येते. २००९ साली स्थापन झालेला हा निधी दूतावासाच्याच हाती असतो आणि गरज पाहून खर्च होतो, म्हणून अर्जासोबत उत्पन्नाचा दाखला जोडावा. 'इतके पैसे द्या, उद्या सोडवतो' असे सांगणारा माणूस अशा वेळी हमखास उगवतो. त्याला एक रुपयाही देऊ नये. लाच देण्याचा प्रयत्न उघड झाला तर निर्दोष माणसावर नवा, आणि या वेळी खरा, गुन्हा दाखल होतो.

तारवटींसाठी काही दारे आणखी आहेत. जहाजावर पाठवणारी कंपनी परवानाधारक असेल तर मुंबईतील नौवहन महासंचालनालयाकडे तिच्याविरुद्ध तक्रार करता येते. सीडीसीची, म्हणजे खलाशाच्या अधिकृत सेवापुस्तिकेची, व करारपत्राची प्रत घरात नेहमी असावी ती यासाठीच. जहाजमालकाच्या विमा संस्थेचा प्रतिनिधी बहुतेक मोठ्या बंदरांत असतो आणि तो वकील देऊ शकतो, मात्र मालकाचे आणि खलाशाचे हित एकच असेल असे धरून चालू नये. खलाशी संघटनेला लगेच कळवावे. 'हिरोइक इदुन' या तेलवाहू जहाजावरील २६ जण, त्यांतले १६ भारतीय, ऑगस्ट २०२२ मध्ये इक्वेटोरियल गिनीत अडकले, तिथून नायजेरियाच्या ताब्यात गेले आणि २०२३ च्या मध्यावर सुटले; त्या काळात कुटुंबांनी आणि संघटनांनी तो विषय सतत जागता ठेवला.

वर्तमानपत्रांत जावे की नाही? माझे मत असे की दूतावासाची पहिली भेट होईपर्यंत जाऊ नये. आरोप न ठेवता डांबले असेल किंवा सरकार दाद देत नसेल तर प्रसिद्धी उपयोगी पडते. उलट ज्या प्रकरणात त्या देशाच्या राज्यकर्त्याकडून माफी किंवा सवलत मिळायची आहे, तिथे आरडाओरड नडते. कतारमध्ये ऑगस्ट २०२२ मध्ये पकडलेल्या आठ माजी नौसैनिकांना ऑक्टोबर २०२३ मध्ये देहदंड झाला, डिसेंबरमध्ये तो रद्द होऊन तुरुंगवासाची शिक्षा झाली आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये सुटकेची घोषणा झाली. ते सगळे मुख्यतः बंद दाराआड, वकिलांच्या आणि सरकारच्या पातळीवर घडले. आखातातल्या देशाची किंवा तिथल्या मालकाची समाजमाध्यमांवर निंदा तर कधीच करू नये. तिथे तो स्वतंत्र गुन्हा होऊ शकतो आणि त्याची झळ आतल्या माणसाला बसते.

दूतावास हालचाल करीत नसेल तर पर्वरी येथील मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठात भारतीय राज्यघटनेच्या अनुच्छेद २२६ खाली याचिका करता येते. न्यायालय परदेशी तुरुंग उघडू शकत नाही, पण केंद्र सरकारला काय केले याचा जबाब द्यायला लावू शकते. संयुक्त राष्ट्रांच्या मनमानी अटकेविषयीच्या कार्यगटाकडेही कुटुंब थेट अर्ज करू शकते. १९९१ मध्ये स्थापन झालेल्या या पाच सदस्यांच्या गटाकडे जाण्यासाठी त्या देशातील सर्व न्यायालयीन मार्ग संपवण्याची अट नाही. त्याचे मत बंधनकारक नसले तरी वाटाघाटीत सरकारला एक आधार मिळतो.

रमजान, ईद किंवा राष्ट्रीय दिनानिमित्त आखाती देश कैद्यांना माफी देतात. त्या यादीसाठी नाव पुढे जावे म्हणून दूतावासाला वेळेत लिहावे. माफीने माणूस घरी येतो, पण दोषाचा शिक्का पुसला जाईलच असे नाही, म्हणून अपील जिवंत असेल तर ते सोडायचे की नाही याचा निर्णय कैद्याने वकिलाशी बोलूनच घ्यावा. २००३ च्या कैदी प्रत्यावर्तन कायद्याखाली भारतातील तुरुंगात बदलीही मागता येते, मात्र ती अंतिम निकालानंतर, दोन्ही देशांच्या व कैद्याच्या संमतीने होते, आणि ती सुटका नसते.

सुटकेचा आदेश झाल्यावरही काही दिवस जातात. प्रवासबंदी उठली आहे का, दंड किंवा मालकाची दिवाणी बाकी राहिली आहे का, हे वकिलाकडून लेखी घ्यावे. पासपोर्ट हरवला किंवा संपला असेल तर दूतावास एकवेळच्या प्रवासासाठी आपत्कालीन प्रमाणपत्र देतो. निघण्यापूर्वी निकालाची प्रमाणित प्रत मागून घ्यावी. थकलेला पगार, विम्याचा दावा आणि इथल्या एजंटावरील खटला या तिन्हींसाठी ती लागते. दाबोळी किंवा मोपा विमानतळावर उतरल्यानंतर त्याची वैद्यकीय तपासणी सरकारी रुग्णालयात करून तिची नोंद ठेवावी, आणि त्याने सांगितलेली हकिगत आठवणी ताज्या असतानाच, तारखांसह, लिहून घेऊन त्याची सही घ्यावी.