वर्ग सहावीचा, वाचन दुसरीचं: सुरुवात कुठून करायची

वरच्या वर्गात ढकलत आणलेली मुलं समोर, वाचता न येणारं पुस्तक त्यांच्या हातात आणि अभ्यासक्रम वेळेत संपवण्याचा तगादा मागे. अशा वर्गापुढे शिक्षक मेटाकुटीला येतो, यात त्याचा दोष नाही. तरीही पहिल्या आठवड्यात धडा सुरू करू नका. कोण कुठे अडकलंय ते आधी शोधा.

चाचणी तोंडी आणि एकेका मुलाची घ्या, बाकीच्यांपासून जरा लांब बसवून. तीन-चार मिनिटं पुरतात. एका कागदावर दहा अक्षरं, दहा सोपे शब्द, चार वाक्यांचा उतारा आणि आठ-दहा ओळींची गोष्ट लिहा. सुरुवात उताऱ्यापासून करा. जमला तर गोष्ट द्या, अडला तर शब्द, तेही अडले तर अक्षरं. मजकूर पाठ्यपुस्तकाबाहेरचाच हवा, कारण पुस्तकातले धडे मुलांना ऐकून पाठ झालेले असतात. शंका आली तर ओळीच्या मधल्याच शब्दावर बोट ठेवून विचारा.

'येत नाही' एवढंच लिहून थांबू नका, चूक जशीच्या तशी टिपा. 'दिवा'चं 'देवा' करणाऱ्या मुलाचा घोळ वेलांटी-मात्रेत आहे. 'रस्ता'चं 'रसता' वाचणारा जोडाक्षराशी अडतो. 'सूर्य' वाचताना थबकणाऱ्याला रफार कळलेला नाही. या तिघांना पुन्हा 'अ आ इ' गिरवायला लावणं म्हणजे वेळेची नासाडी आहे.

वह्यांवर तर मुळीच विसंबू नका. फळ्यावरचं सुबक उतरवून घेणाऱ्या कित्येक मुलांना त्यातली एक ओळही वाचता येत नाही.

गणितातही हेच. ५२ वजा ३८ सोडवायला द्या. उत्तर २६ आलं, तर मुलाने वरच्या २ मधून ८ जात नाहीत म्हणून उलट ८ मधून २ काढले. त्याला वजाबाकी येते, दशक सोडवणं कळलेलं नाही. दहा-दहा काड्यांचे पाच गठ्ठे आणि दोन सुट्या काड्या त्याच्या हातात द्या. एक गठ्ठा त्यालाच सोडायला सांगा: आता चार गठ्ठे आणि बारा सुट्या. बारातून आठ गेल्या, चार उरल्या. चार गठ्ठ्यांतून तीन गेले, एक उरला. उत्तर १४. हे हाताने नीट जमल्यावरच कागदावरची रीत दाखवा. घाईने 'हातचा घे' म्हटलं की मुलं खूण करायला शिकतात, अर्थ निसटतो.

रोज पाऊण तास या कामाला राखून ठेवा आणि गट पातळीनुसार करा. गटाला 'कच्चा', 'ढ' असलं नाव चुकूनही पडू देऊ नका, ते वर्षभर चिकटतं. सर्वांत मागच्या गटापाशी स्वतः बसा, पुढचा गट जोडीवाचन करू शकतो. तीन आठवड्यांनी तीच पातळी, पण नवा मजकूर घेऊन पुन्हा चाचणी घ्या आणि गट बदला. गट गोठले की मुलंही तिथेच थांबतात.

गुण वाढवून देण्याचा दबाव येतोच. पेपरचे गुण खरेच ठेवा आणि शेजारी वेगळ्या रकान्यात मुलाची सध्याची पातळी लिहा. वाढवलेल्या गुणांनी पालकांची फसवणूक होते आणि मदत मागायचा आधारही जातो. वरिष्ठांकडे जाताना नुसती तक्रार नेऊ नका, एका पानाचा तक्ता न्या: किती मुलं कोणत्या पातळीवर आहेत, महिन्यात किती तासिका इतर कामांत गेल्या आणि नेमकं काय हवंय. 'मुलांचा दर्जा घसरलाय' यावर नुसती मान डोलावली जाते. 'रोजची पहिली तासिका वाचनासाठी मोकळी द्या' याला हो किंवा नाही म्हणावंच लागतं. उत्तर लेखी मागा.

वर्षअखेरीस हाच तक्ता, चुकांच्या नोंदींसकट, पुढच्या वर्गशिक्षकांच्या हाती द्या. नाहीतर 'सूर्य'वर अडणाऱ्या मुलाला तिथे पुन्हा मुळाक्षरांपासून बसवलं जाईल.