फॉरमॅट मारण्याआधी: हळू झालेला संगणक घरच्या घरी कसा तपासावा

संगणक रखडायला लागला की आपल्याकडे पहिला सल्ला मिळतो तो ‘फॉरमॅट मारून घ्या’ असा. दुकानात नेलेलं यंत्र संध्याकाळपर्यंत परतही येतं. मग कधीतरी लक्षात येतं की लग्नाचे फोटो, जमाखर्चाच्या फाइली, वडिलांनी टाइप करून ठेवलेली पत्रं यातलं काहीच उरलेलं नाही. फॉरमॅटने कधीकधी खरोखर फरक पडतो, पण यंत्र नेमकं कुठे अडतंय हे न बघता तो मारणं म्हणजे ताप कशाने आलाय हे न तपासता सलाइन लावणं. तपासायला लागणारी बहुतेक साधनं विंडोजमध्येच असतात. बाहेरून दोन घ्यायची, तीही घरगुती वापरासाठी फुकट आहेत. पुढच्या पायऱ्या विंडोज १० आणि ११ दोन्हींवर चालतात. त्यांचा क्रम मात्र बदलू नका.

पहिली पायरी: प्रत काढा

काहीही पुसण्याआधी, उघडण्याआधी, दुरुस्त करण्याआधी जे पुन्हा मिळणार नाही त्याची प्रत बाहेरच्या डिस्कवर घ्या. डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स, पिक्चर्स आणि डाउनलोड्स हे चार फोल्डर तर हवेतच. डाउनलोड्स लोक हमखास विसरतात, आणि सातबारा, आधारची पीडीएफ, मुलांचे निकाल, विम्याच्या पावत्या नेमक्या तिथेच पडलेल्या असतात. जुना मराठी मजकूर युनिकोडच्या (आज सगळीकडे चालणाऱ्या अक्षरपद्धतीच्या) आधीच्या फॉन्टमध्ये असेल, तर सी ड्राइव्हवरच्या विंडोज फोल्डरातल्या फॉन्ट्समधून ते फॉन्टही कॉपी करा. फॉन्ट गेला की फाइल शाबूत असूनही मजकुराच्या जागी निरर्थक इंग्रजी अक्षरं दिसतात.

पेन ड्राइव्ह हा सामान न्यायला ठीक, साठवणीला नाही. बाहेरची हार्ड डिस्क घ्या आणि कंट्रोल पॅनेलमधलं ‘फाइल हिस्टरी’ सुरू करा. डिस्क जोडलेली असेपर्यंत ते दर तासाला बदललेल्या फाइलींची प्रत ठेवतं. काम झालं की डिस्क काढून कपाटात ठेवा. कायम जोडून ठेवलेली डिस्क रॅन्समवेअर (फाइली कुलूपबंद करून खंडणी मागणारा व्हायरस) आला तर मूळ फाइलींबरोबरच अडकते. फोटोंसारख्या गोष्टींची आणखी एक प्रत दुसऱ्या घरी किंवा क्लाउडवर असावी.

दुसरी पायरी: डिस्कची तब्येत बघा

हीच पायरी सर्वात जास्त टाळली जाते, आणि मोठं नुकसान इथेच होतं. मरायला टेकलेली हार्ड डिस्क आधी हळू होते. खराब झालेला भाग ती पुन्हा पुन्हा वाचून बघते आणि तेवढा वेळ सगळा संगणक गोठून राहतो. बघणाऱ्याला वाटतं, कचरा साठलाय. मग सफाई, डीफ्रॅग (डिस्कवर विखुरलेले फाइलींचे तुकडे एकत्र मांडणं), फॉरमॅट असं एकेक सुरू होतं आणि त्या डिस्कचे उरलेले श्वास त्यातच संपतात.

यासाठी ‘क्रिस्टलडिस्कइन्फो’ हे छोटं जपानी साधन घ्या. त्याच्या चित्रविचित्र सजावटीच्या आवृत्त्याही आहेत. साधी आवृत्ती आणि झिप फाइल निवडा, म्हणजे इन्स्टॉल न करता चालवता येईल. प्रत्येक डिस्क आपल्या कारभाराची नोंद स्वतःच ठेवत असते, स्मार्ट नावाने. हे साधन ती नोंद वाचून एका शब्दात निकाल सांगतं: निळा ‘गुड’, पिवळा ‘कॉशन’, लाल ‘बॅड’. हार्ड डिस्क असेल तर यादीतल्या तीन ओळी नीट बघा. ०५ म्हणजे खराब म्हणून बाद करून दुसरीकडे हलवलेले भाग, सी५ म्हणजे वाचता न आल्याने निकालाची वाट बघणारे भाग, आणि सी६ म्हणजे दुरुस्त न होणारे भाग. उजवीकडच्या कच्च्या आकड्यांच्या रकान्यात तिन्ही ठिकाणी शून्यं असावीत. एसएसडी (फिरते भाग नसलेली, चिपवर साठवणारी डिस्क) असेल तर उरलेलं आयुष्य बहुधा टक्क्यांत दिसतं.

पिवळा किंवा लाल दिसला, तर पुढच्या पायऱ्या तिथेच थांबवा. चेकडिस्क (डिस्कवरच्या चुका शोधणारा विंडोजचा प्रोग्राम) नको, डीफ्रॅग नको, फॉरमॅट तर नकोच. महत्त्वाच्या फाइली आधी, बाकीच्या नंतर, अशा क्रमाने प्रत काढा आणि डिस्क बदला. डिस्कमधून टक-टक आवाज येत असेल तर संगणक बंद करून डेटा रिकव्हरी करणाऱ्याकडेच न्या. उलट बाजूही लक्षात असू द्या. निळा ‘गुड’ ही काही हमी नव्हे. एसएसडी तर अनेकदा काहीही न सुचवता एका दिवसात बंद पडते. प्रत काढणं पहिल्या पायरीवर ठेवलंय ते म्हणूनच.

तिसरी पायरी: अडतंय कुठे?

कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकदम दाबा. टास्क मॅनेजर उघडेल. त्यातलं ‘परफॉर्मन्स’ उघडा आणि जेव्हा संगणक रखडतोय तेव्हाच बघा. मोकळ्या वेळेत बघून काही कळत नाही.

डिस्क शंभर टक्क्यांवर चिकटलेली आणि तिच्या नावाखाली एचडीडी (म्हणजे हार्ड डिस्क) लिहिलेलं असेल, तर इतर उपायांनी फारसं काही साधणार नाही. लॅपटॉपमधली मिनिटाला ५४०० फेरे घेणारी हार्ड डिस्क सलग वाचनातही सेकंदाला साधारण १०० एमबी देते. साध्या, साटा जोडणीच्या एसएसडीचा वेग ५०० एमबीच्या पुढे जातो, आणि विखुरलेल्या छोट्या फाइलींच्या बाबतीत हा फरक कितीतरी पटींनी वाढतो. जुन्या यंत्रावर पैसे खर्च करायचे असतील तर आधी इथे करा, असं मी आग्रहाने सांगेन.

मेमरी सतत नव्वद टक्क्यांच्या वर असेल तर रॅम (चालू कामाची तात्पुरती मेमरी) कमी पडतेय. त्याच पानावर रॅमचे किती स्लॉट भरलेत तेही दिसतं, म्हणजे दुकानदाराशी बोलताना उपयोग होतो. सीपीयूच्या पानावर ‘स्पीड’ आणि ‘बेस स्पीड’ यांची तुलना करा. काम भरपूर चालू असताना स्पीड बेसच्या बरीच खाली येत असेल, तर यंत्र तापतंय अशी शंका घ्या. गादीवर ठेवून वापरलेले लॅपटॉप आणि रस्त्याकडेच्या दुकानातले धुळीने भरलेले पीसी यांचं दुखणं पुष्कळदा एवढंच असतं. यंत्र बंद करून जाळ्या ब्लोअरने साफ करा, आणि हवा मारताना पंखा काडीने धरून ठेवा.

सीपीयूच्या त्याच पानावर ‘अप टाइम’ (यंत्र किती वेळ चालू आहे ते) दिसतो. रोज शटडाउन करूनही तो कित्येक दिवसांचा दिसला तर गोंधळू नका. ‘फास्ट स्टार्टअप’ चालू असताना शटडाउनमध्ये विंडोजचा गाभा पूर्ण बंद होत नाही, डिस्कवर जपून ठेवला जातो. ‘रीस्टार्ट’मध्ये तो नव्याने चालू होतो. प्रिंटर रुसला, आवाज गेला, वायफाय दिसेना, तर आधी रीस्टार्ट करा.

आता टास्क मॅनेजरमधलं ‘स्टार्टअप’ बघा. संगणक चालू होताच स्वतःहून उघडणाऱ्या प्रोग्रामांची ही यादी आहे. गाण्यांची ॲप्स, मीटिंगची ॲप्स, प्रिंटरचे मदतनीस, गेमचे लाँचर यांवर राइट क्लिक करून ‘डिसेबल’ करा. प्रोग्राम पुसला जात नाही, लागेल तेव्हा उघडता येतो. टचपॅड, आवाज आणि अँटिव्हायरस यांच्या नोंदींना हात लावू नका.

चौथी पायरी: जागा मोकळी करा

सेटिंग्जमध्ये सिस्टिम, मग स्टोरेज, मग ‘टेम्पररी फाइल्स’. मोठ्या अपडेटनंतर उरलेलं जुनं विंडोज इथे कित्येक जीबी अडवून बसलेलं दिसेल. नवी आवृत्ती नीट चालत असेल तर ते खुशाल काढा. याच यादीत ‘डाउनलोड्स’चाही एक चौकोन असतो आणि तो मुळात रिकामाच असतो. सगळ्यावर टिक मारायच्या भरात त्यावर टिक करू नका, नाहीतर सातबारापासून निकालापर्यंत सगळं एका झटक्यात जाईल.

तरीही जागा कुठे गेली ते कळत नसेल तर दुसरं साधन घ्या: ‘विझट्री’. ते फोल्डर एकेक करून चाळत बसत नाही. एनटीएफएस (विंडोजची नेहमीची फाइल मांडणी) असलेल्या डिस्कच्या फाइलींची मूळ सूचीच वाचतं, त्यामुळे काही सेकंदांत सगळी डिस्क रंगीत चौकोनांत मांडून दाखवतं. सर्वात मोठे चौकोन बघा. बहुतेक वेळा ते फोनमधून घेतलेले व्हिडिओ असतात. विंडोज फोल्डरातलं मात्र इथून काहीही पुसू नका.

डीफ्रॅगची चिंता सोडा. विंडोज ते ठरावीक काळाने स्वतःच बघतं, आणि एसएसडीला डीफ्रॅगऐवजी ट्रिमची, म्हणजे पुसलेल्या फाइलींची जागा मोकळी झाल्याची, सूचना देतं.

पाचवी पायरी: विंडोजच्या फाइली तपासा

वीज अचानक गेल्यानंतर विचित्र एरर येत असतील तर ही करा, एरवी गरज नाही. स्टार्टवर राइट क्लिक करून टर्मिनल ॲडमिन उघडा. विंडोज १० मध्ये तिथे पॉवरशेल ॲडमिन असतं. इंग्रजी अक्षरांत एसएफसी, मग एक स्पेस, मग फॉरवर्ड स्लॅश आणि त्याला जोडूनच स्कॅननाऊ असं टाइप करून एंटर दाबा. बिघडलेल्या सिस्टिम फाइली ते शोधून बदलतं. डेस्कटॉप पीसीला यूपीएस लावलात तर ही वेळच कमी येईल.

काय घेऊ नये

रजिस्ट्री क्लीनर, रॅम बूस्टर, ड्रायव्हर अपडेटर यांतलं काही घेऊ नका. रजिस्ट्रीतल्या, म्हणजे विंडोजच्या सेटिंग्जच्या नोंदवहीतल्या, जुन्या नोंदी पुसून वेग वाढत नाही. चुकीची नोंद पुसली गेली तर मात्र विंडोज बिघडू शकतं. नावाजलेलं साधनही डोळे मिटून घेऊ नये. २०१७ मध्ये सीसीक्लीनर या सफाईच्या साधनाच्या ५.३३ या आवृत्तीत हल्लेखोरांनी घुसवलेला कोड सापडला होता, आणि ती आवृत्ती वीस लाखांहून जास्त संगणकांवर पोचली होती. जितकी साधनं कमी, तितक्या आत शिरायच्या वाटा कमी. ‘क्रॅक’ आणि ‘ॲक्टिव्हेटर’ (विकतचे प्रोग्राम फुकटात चालवायच्या चोरवाटा) तर अँटिव्हायरस बंद करायलाच सांगतात. तिथेच ओळखा.

स्क्रीनभर ‘व्हायरस सापडला, या नंबरवर फोन करा’ असं आलं तर फोन करू नका. ब्राउझर टास्क मॅनेजरमधून बंद करा. घरातल्या ज्येष्ठांना हे आधीच सांगून ठेवा. पैसे गेलेच तर क्षणही न दवडता १९३० या सायबर हेल्पलाइनला फोन करा.

इतकं करूनही यंत्र ताळ्यावर आलं नाही आणि डिस्क निळी असेल, तर फॉरमॅटची वेळ आली आहे. तोही घरी होतो. सेटिंग्जमध्ये रिकव्हरी, मग ‘रीसेट धिस पीसी’. ‘कीप माय फाइल्स’ निवडलं तरी प्रोग्राम पुन्हा घालावे लागतात, म्हणून त्यांची नावं आणि लायसन्सचे क्रमांक आधी वहीत लिहून घ्या. लॅपटॉप नवा असेल तर डिस्क एन्क्रिप्ट, म्हणजे कुलूपबंद, केलेली असू शकते. तिची रिकव्हरी की, म्हणजे कुलूप उघडणारा लांब क्रमांक, मायक्रोसॉफ्ट खात्यात सापडते का ते आधीच दुसऱ्या यंत्रावरून किंवा फोनवरून बघा. चार्जर लावा आणि मगच सुरुवात करा.