खेळातून इंग्रजी व्याकरण शिकवताय? या चुका टाळा

मराठी शाळांमध्ये २००० सालापासून पहिलीपासूनच इंग्रजी आलं. तरी आठवीतला मुलगा सहज विचारतो, ‘डिड यू वेन्ट?’ काळांचे तक्ते तोंडपाठ असतात, पण बोलायची वेळ आली की आठवत नाहीत. म्हणून शिक्षक खेळांकडे वळतात, आणि ते योग्यच आहे. फक्त वर्ग रंगला म्हणजे व्याकरण आलं, असं धरून चालू नका.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे व्याकरण न वापरताही जिंकता येईल असा खेळ घेणं. समजा, ‘काल भाकरी खाल्लेला मित्र शोधा आणि त्याची सही घ्या’ असं सांगितलं. मुलं धावत सुटतात: ‘भाकरी? यस्टरडे? येस? कर सही!’ पाच मिनिटांत कागद भरतो आणि ‘डिड’ एकदाही कुणाच्या तोंडून निघत नाही. इथे एक अट घाला: पूर्ण प्रश्न बरोबर विचारल्याशिवाय सही द्यायची नाही. मग विचारणाऱ्याइतकाच ऐकणाराही सावध होतो.

‘वेन्ट’ सुटत नाही त्याचं कारण मराठीत आहे. ‘तू बाजारात गेलास’ला नुसता ‘का’ जोडला की प्रश्न तयार, क्रियापद जसंच्या तसं. इंग्रजीत भूतकाळ ‘डिड’कडे जातो आणि ‘वेन्ट’चं पुन्हा ‘गो’ होतं. दोन्ही भाषांतली वाक्यं फळ्यावर शेजारी लिहा आणि हे खुशाल मराठीतून समजावा. इंग्रजीच्या तासाला मराठीचा शब्दही नको, या हट्टापायी कितीतरी मुलं गप्प बसतात. त्याचं फार वाईट वाटतं.

‘देअर इज’, ‘देअर आर’साठी दोन चित्रांतले फरक शोधायचा खेळ उत्तम. पण मुलं एकमेकांच्या चित्रात डोकावतात आणि बोलणंच खुंटतं. जोड्या पाठीला पाठ लावून बसवा. दरवेळी तीच चार मुलं उत्तर देतात, हेही जोड्यांमुळे थांबतं.

मूल बोलत असताना मध्येच चूक काढू नका. ऐकलेल्या चुका टिपून ठेवा, शेवटी त्यातली चार-पाच वाक्यं नावं न घेता फळ्यावर लिहा आणि मुलांनाच दुरुस्त करू द्या. इंग्रजी नामांआधी येणाऱ्या ‘अ’ आणि ‘द’च्या बाबतीत धीर धरा, मराठीत त्यांच्यासारखं काही नाही, त्यामुळे ते सवयीनेच येतं.

दोन दिवसांनी, खेळ नसताना, सहज विचारायला लावा: मित्र काल कुठे गेला होता? पुन्हा ‘डिड यू वेन्ट’ आलं, तर तोच खेळ नवी क्रियापदं घेऊन खेळा.