रेशनचं धान्य, ‘लाडकी बहीण’चा हप्ता अचानक थांबला? या चुका टाळा

“मागच्या महिन्यापर्यंत सुरळीत होतं, आता मशीनमध्ये नावच येत नाही.” “जावेचा हप्ता आला, माझा नाही.” रेशन दुकानापुढे आणि अंगणवाडीच्या दारात ही वाक्यं सध्या रोज ऐकू येतात. गंमत म्हणजे मिळण्याचं प्रमाण फारसं बदललेलं नाही. अंत्योदय कार्डाला महिन्याला ३५ किलो आणि प्राधान्य कुटुंबात माणशी ५ किलो धान्य, तेही १ जानेवारी २०२३ पासून मोफत. लाडक्या बहिणीला १,५०० रुपये. बदलली आहे ती तपासणी. पूर्वी एकदा नाव लागलं की वर्षानुवर्षं चालायचं. आता नाव पुन्हा पुन्हा तपासलं जातं आणि एका योजनेची यादी दुसरीच्या यादीशी ताडून पाहिली जाते.

त्यामुळे अडकणाऱ्यांत खरोखर अपात्र असलेले असतात, तसे हक्काचे लाभार्थीही असतात. हे दुसरे लोक एक चूक हमखास करतात: गाडी कुठे अडली हे न पाहताच सेतूत जाऊन नवा अर्ज भरतात. अडचण रेशन दुकानातल्या मशीनमध्ये असेल, तहसीलच्या पुरवठा शाखेत असेल, आधारमध्ये असेल किंवा बँकेत असेल. या चारपैकी एकाची दुरुस्ती दुसऱ्याच्या खिडकीवर होत नाही.

“धान्य मिळतंय, म्हणजे केवायसी झालीच असेल”

घरातलं एक माणूस दर महिन्याला पॉस मशीनवर अंगठा लावून धान्य आणतं. तो अंगठा त्या महिन्याच्या उचलीपुरता असतो. ई-केवायसी (आधारवरून ओळख पडताळणी) कार्डावरच्या प्रत्येक माणसाने स्वतंत्र करायची आहे, पाच वर्षांवरच्या नातवापासून आजीपर्यंत. ओळखायची सोपी खूण म्हणजे पावती. पाच माणसांच्या प्राधान्य कार्डावर २५ किलो यायला हवं. २० आलं, तर दुकानदाराशी भांडण्याआधी कुणाची केवायसी राहिली आहे ते बघा. (पावतीच मिळत नसेल, तर मात्र भांडण रास्त आहे.)

‘मेरा ई-केवायसी’ ॲपमध्ये राज्य निवडून आधार क्रमांक आणि ओटीपी टाकला की स्थिती दिसते. तिथे ‘वाय’ असेल तर काम झालेलं आहे. नसेल तर त्याच ॲपवर ‘आधार फेस आरडी’ या दुसऱ्या ॲपच्या मदतीने चेहरा दाखवून घरबसल्या करता येतं. पुण्याला किंवा सुरतेला कामाला गेलेल्या मुलाला त्यासाठी गावी बोलावण्याची गरज नाही. तो राहतो तिथल्या रेशन दुकानातही अंगठा लावू शकतो. एवढ्यासाठी लोक दोन दिवसांची मजुरी बुडवून एसटीने येतात, हे पाहवत नाही.

म्हाताऱ्या माणसांच्या बोटांचे ठसे झिजलेले असतात, आणि कष्टाच्या हातांचे त्याहून जास्त. दहा वेळा बोट पुसून तेच बोट पुन्हा दाबण्यापेक्षा डोळ्यांचं स्कॅनिंग किंवा चेहऱ्याचा पर्याय मागा. लहान मुलांचं कारण वेगळं. पाच वर्षांच्या आत काढलेल्या आधारमध्ये बोटांचे ठसे घेतलेलेच नसतात, मग मशीन जुळवणार कशाशी? मूल पाच वर्षांचं झालं की त्याचं आधार आधी अपडेट करून घ्या, मगच रेशन दुकानात न्या. पंधराव्या वर्षीही ठसे पुन्हा द्यावे लागतात. ते दिलेले नसले की दहावी-अकरावीतली मुलं याच कारणाने अडतात.

कार्ड कपाटात ठेवून देणं

“धान्य नाही घेत आम्ही, कार्ड दाखल्यापुरतं आहे.” ही सवय आता अंगाशी येईल. केंद्राने जुलै २०२५ मध्ये सार्वजनिक वितरणाच्या नियंत्रण आदेशात दुरुस्ती केली. त्यानुसार सलग सहा महिने धान्य न उचललेलं शिधावाटप कार्ड तात्पुरतं निष्क्रिय करायचं आणि पुढच्या तीन महिन्यांत घरी जाऊन पडताळणी व ई-केवायसी करून पात्रता ठरवायची. त्याच दुरुस्तीत दर पाच वर्षांनी ई-केवायसी आली, आणि अठरा वर्षांखालच्या व्यक्तीला स्वतंत्र कार्ड मिळणार नाही हेही. म्हणजे एकदा अंगठा लावला आणि सुटलो, असं यापुढे धरून चालू नका.

गरज नसेल तर धान्याचा हक्क लेखी सोडता येतो. तो सोडायचा नसेल, तर धान्य उचलायला हवं.

सुनेचं नाव अजून माहेरच्या कार्डात

ही चूक वर्षानुवर्षं कुणाला टोचली नव्हती. आता दोन्हीकडून टोचते. नाव माहेरच्या कार्डात असताना सासरच्या कार्डात चढवायला गेलं, की आधार आधीच वापरात असल्याचं दिसून अर्ज अडतो. म्हणून क्रम पाळा: आधी माहेरच्या तहसीलच्या पुरवठा शाखेतून (मुंबईत शिधावाटप कार्यालयातून) नाव कमी केल्याचा दाखला घ्यायचा, मग सासरी नाव वाढवायचा अर्ज करायचा. दोन्ही अर्ज एकाच दिवशी टाकून ‘एक तरी होईल’ म्हणणाऱ्यांचं बहुधा एकही होत नाही.

‘लाडकी बहीण’मध्ये कुटुंबातल्या एका विवाहित आणि एका अविवाहित महिलेलाच लाभ मिळतो. लग्न झालेली लेक कागदावर माहेरीच राहिली, तर तिथल्या कुटुंबात एक बाई जास्त मोजली जाऊ शकते. सरकारने जुलै २०२५ मध्ये सांगितलं, की सुमारे २६ लाख ३४ हजार अर्जांचा लाभ जूनपासून स्थगित केला आहे. एकाच घरात दोनपेक्षा जास्त लाभार्थी हे त्यामागचं एक कारण होतं. इतर कारणं म्हणजे एकाहून अधिक योजनांचा लाभ, आणि चक्क पुरुषांनी केलेले अर्ज.

‘होय’ की ‘नाही’?

या साऱ्या गोंधळात मला सगळ्यात राग येतो तो या चुकीचा, कारण ती करायला लावली गेली. १८ सप्टेंबर २०२५ च्या शासन निर्णयाने ‘लाडकी बहीण’साठी ई-केवायसी सक्तीची झाली. मुदत आधी दोन महिने होती, ती ३१ डिसेंबरपर्यंत वाढली. पोर्टलवर शेवटी दोन विधानं येत. पहिलं नकारार्थी होतं: कुटुंबातलं कुणी सरकारी खात्यात कायम नोकरीला नाही किंवा निवृत्तीवेतन घेत नाही, अशा अर्थाचं. त्यापुढे पर्याय ‘होय’ आणि ‘नाही’. घरात सरकारी नोकरी नसलेल्या बाईने साहजिकच ‘नाही’ दाबलं. पोर्टलने त्याचा अर्थ उलटा लावला, आणि शेतमजुराच्या घरात कागदोपत्री सरकारी कर्मचारी अवतरला. विधान खरं असेल तर उत्तर ‘होय’, हे त्या पानावर ठळक लिहिलं असतं तर लाखो बायकांचा ताप वाचला असता.

जानेवारी २०२६ मध्ये शासनाने अशा प्रकरणांची अंगणवाडी सेविकांमार्फत प्रत्यक्ष पडताळणी करायचं ठरवलं. त्यामुळे चूक झाली असेल तर पोर्टल पुन्हा पुन्हा उघडत बसू नका. अंगणवाडी ताईंकडे जा, नाव पडताळणीच्या यादीत आहे का ते विचारा, आणि घरात सरकारी नोकरी किंवा पेन्शन नाही हे लेखी देऊन पोच घ्या. शासन निर्णयाप्रमाणे ही केवायसी दरवर्षी जूनपासून दोन महिन्यांत करायची आहे, तेव्हा विधान मोठ्याने वाचून घ्या आणि मगच बोट लावा. सेंटरवाल्याला सवयीने भरू देऊ नका. त्याच्यामागे पंचवीस जणींची रांग असते.

इथे पती किंवा वडिलांचं आधारही लागतं, आणि ओटीपी त्यांच्या आधारला जोडलेल्या मोबाइलवर जातो. तो नंबर कधीच बंद पडलेला असतो, ही निम्मी रड. आधी आधार केंद्रावर नंबर बदला, मग पोर्टलकडे वळा. विधवा किंवा घटस्फोटित असाल आणि वडीलही नसतील, तर मृत्यूचा दाखला किंवा घटस्फोटाचा आदेश अंगणवाडी सेविकेकडे जमा करायचा असतो. कुणा दिराचं आधार टाकून वेळ मारून नेऊ नका.

पैसे आले, पण गेले कुठे?

अर्ज मंजूर आहे, हप्ता जमा झाल्याचं पोर्टल म्हणतंय, आणि पासबुक कोरं. अशा वेळी बहुतेकांची समजूत असते की बँकेत आधारची झेरॉक्स दिली म्हणजे खातं जोडलं गेलं. ते बँकेच्या केवायसीपुरतं झालं. सरकारी पैसा मात्र आधार क्रमांक ज्या खात्याशी डीबीटीसाठी (थेट खात्यात येणाऱ्या सरकारी लाभासाठी) ‘सीड’ केलेला, म्हणजे जोडलेला असतो, त्याच खात्यात जातो, आणि एका वेळी असं एकच खातं असतं. मधे कुणी सिमकार्ड घेताना किंवा गावातल्या शिबिरात नवं पेमेंट्स बँकेचं खातं उघडून दिलं असेल, तर सीडिंग तिकडे वळलेलं असू शकतं. अर्जात लिहिलेला खाते क्रमांक तिथे कामाला येत नाही.

‘मायआधार’ पोर्टलवर ‘बँक सीडिंग’ची स्थिती पाहिली की बँकेचं नाव दिसतं. त्या बँकेत जाऊन विचारा. पैसे बऱ्याचदा तिथेच शांतपणे पडलेले सापडतात.

दोन योजनांचा हिशेब

नमो शेतकरी आणि पीएम किसान मिळून महिन्याला १,००० रुपये पडतात. ज्या बाईच्या नावावर हे येतात, तिला ‘लाडकी बहीण’मधून फरकाचे ५०० रुपये मिळतात. मधल्या कुणी हजार खाल्ले असा बोभाटा होतो, पण तो नियमच आहे. संजय गांधी निराधारचे दीड हजार घेणारीला मात्र ‘लाडकी बहीण’ मिळत नाही. इथे एक हिशेब नीट करा: निराधार योजनेत दिव्यांगांचं अनुदान ऑक्टोबर २०२५ पासून अडीच हजार झालं आहे. दिव्यांग बाईने ते सोडून दीड हजारांच्या मागे धावण्यात काहीच अर्थ नाही.

केसरी कार्ड म्हणजे धान्य, हा गैरसमज

केसरी कार्डावर प्राधान्य कुटुंबाचा शिक्का असेल तरच अन्नसुरक्षेचं धान्य मिळतं. त्यासाठी वार्षिक उत्पन्नाची मर्यादा ग्रामीण भागात ४४,००० आणि शहरात ५९,००० रुपये आहे. मराठवाडा, अमरावती विभाग आणि वर्धा अशा चौदा जिल्ह्यांतल्या केसरी कार्डधारक शेतकऱ्यांना २०२३ पासून धान्याऐवजी रोख रक्कम मिळते. आधी ती महिन्याला माणशी १५० होती, २०२४ मध्ये १७० रुपये झाली. या घरांनी दुकानात धान्यासाठी खेटे घालण्याऐवजी खात्याचं सीडिंग पाहावं.

तोंडी तक्रार

“सांगितलंय साहेबांना” याला कागदावर किंमत शून्य. रेशनसाठी १९६७ किंवा १८००-२२-४९५० वर फोन करा आणि तक्रार क्रमांक लिहून घ्या. ‘लाडकी बहीण’साठी १८१. अर्ज दिला तर दुसऱ्या प्रतीवर शिक्का आणि तारीख घ्या. व्हॉट्सॲपवर फिरणाऱ्या केवायसीच्या लिंकवर आधार टाकू नका; पोर्टलवर केवायसीला पैसे लागत नाहीत.

दुकानदार ‘माल आलाच नाही’ म्हणत महिना ढकलत असेल, तर राष्ट्रीय अन्नसुरक्षा कायदा, २०१३ मधलं कलम ८ लक्षात ठेवा. हक्काचं धान्य मिळालं नाही तर राज्य सरकारने अन्नसुरक्षा भत्ता द्यायचा, असं ते सांगतं. अर्ज जिल्हा तक्रार निवारण अधिकाऱ्याच्या नावे करा. त्यात कार्डाचा बारा अंकी क्रमांक, न मिळालेला महिना आणि किलो लिहा, आणि मागच्या महिन्याच्या पावतीची झेरॉक्स सोबत जोडा.