आई आणि मूल, दोघांनाही मार बसतो तेव्हा: केस हाताळताना या चुका टाळा

मुलाच्या अंगावर वळ दिसले की फाइल बाल कल्याण समितीकडे, म्हणजे मुलांच्या संरक्षणाचे निर्णय घेणाऱ्या समितीकडे, जाते. त्याच घरातल्या आईचा अर्ज कौटुंबिक हिंसाचार कायद्याखाली नेमलेल्या संरक्षण अधिकाऱ्याकडे पडून असतो. दोन्ही फाइली एकत्र वाचल्याच जात नाहीत आणि मारणाऱ्याला जाब विचारायचा राहून जातो.

'आईने मुलाचं रक्षण केलं नाही' असं लिहू नका

सगळ्यात जास्त नुकसान या एका वाक्याने होतं. नवरा पिऊन यायच्या आत ती मुलांना जेवू घालून झोपवते, भांडण पेटलं की शेजारी पाठवते, मुलावर हात उगारला की स्वतः मध्ये पडते. हे सगळं रक्षणच आहे आणि ते तपासणी अहवालात आलं पाहिजे. कोणी मारलं, कशाने मारलं, मुलं तेव्हा कुठे होती, हेही नावानिशी लिहा. 'घरात वाद होतात' एवढ्याने काहीच कळत नाही. न्यूयॉर्क राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने 2004 मध्ये निकोल्सन खटल्यात सांगितलं, की मुलाने आईला मार खाताना पाहिलं एवढ्यावरून आईने त्याची हेळसांड केली असं ठरत नाही. आपल्याकडेही तोंड उघडलं तर मूल काढून नेतील या भीतीने बाया गप्प बसतात, आणि मग मुलाचे हालही कानावर येत नाहीत.

आई स्वतः मुलाला मारत असेल तर ते झाकू नका. मुलाची सुरक्षितता आधी. पण तिच्यावरचा मार थांबवणं हाही त्याच कामाचा भाग आहे.

नवऱ्यासमोर, सासूसमोर विचारू नका

आईशी वेगळं बोला, मुलाशी वेगळं. लैंगिक अत्याचाराचा संशय आला तर तडजोडीला जागाच नाही. पॉक्सो, म्हणजे मुलांना लैंगिक अत्याचारापासून संरक्षण देणाऱ्या कायद्यानुसार पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे.

बालगृह हा पहिला उपाय समजू नका

2015 च्या बाल न्याय कायद्याने संस्थेत ठेवणं हा शेवटचा पर्याय मानला आहे. त्याआधी 2005 च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याकडे वळा. कलम 19 खाली मारणाऱ्या पुरुषालाच घराबाहेर जाण्याचा आदेश मिळू शकतो. कलम 21 खाली मुलांचा तात्पुरता ताबा आईला मागता येतो, आणि बापाच्या भेटीने मुलाला अपाय होणार असेल तर न्यायालय भेट नाकारू शकतं. पीडित व्यक्ती मूल असेल तर कलम 18 खाली मारणाऱ्याला मुलाच्या शाळेत शिरायलाही मनाई करता येते. हे अर्जात मागायला मात्र हवं.

'ती माहेरी गेली, केस संपली' म्हणू नका

घर सोडल्यावर धोका कित्येकदा वाढतो. जन्मदाखले, आधार कार्ड, औषधं आधीच हाताशी ठेवायला सांगा. 1098 (मुलांसाठी), 181 (महिलांसाठी) आणि 112 (आपत्कालीन मदत) हे नंबर तिला पाठ असू द्यात, कारण मोबाइल हिसकावला जातो. मुलाला शाळेतून कोण नेणार, हे मुख्याध्यापकांना लेखी कळवा.